वकील, कार्यकर्ते आणि पक्षकार : कायद्याची मदत देणाऱ्या संस्थांच्या नेतृत्वाचा आढावा

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला काही आदेश दिले. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापायचं, ते पोलीस कोठडीच्या प्रत्येक खोलीत चिकटवायचं आणि आरोपीला कळेल त्या भाषेत वाचूनही दाखवायचं. कोणालाही अटक झाली की पोलिसांनी जवळच्या कायदा साहाय्य समितीला ताबडतोब कळवायचं. स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या हजेरीतच करायची. ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं हा निकाल ओळखला जातो. बारसे पत्रकार होत्या. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्या १५ स्त्री कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं आणि बारसे यांनी ते पत्रानं न्यायालयाला कळवलं. शहानिशा करण्यासाठी न्यायालयानं निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवलं. त्यांच्या अहवालातून आणखी एक तक्रार पुढे आली. दोन परदेशी स्त्री कैद्यांच्या चीजवस्तू आणि दागिने एका वकिलानंच फीच्या नावाखाली लाटले होते.

कायद्याची मदत आणि नागरिकांचं शिक्षण या दोन्ही गोष्टी त्या निकालात एकत्र आल्या. त्या घडवून आणणाऱ्या दोघीही वकील नव्हत्या. परवडेल अशी कायद्याची मदत देणाऱ्या आणि लोकांना त्यांचे हक्क शिकवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचं नेतृत्व कोणी करावं, कसं करावं आणि ते पुढच्यांच्या हाती कसं द्यावं, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे या संस्थांची चर्चा होते ती गाजलेल्या खटल्यांपुरती. संस्था कोणी चालवली, पगार कुठून आले, संस्थापक थकल्यावर काय झालं, हे कोणी फारसं विचारत नाही. गेल्या शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या संस्थांनी वकील नसलेल्या माणसांच्या हाती खराखुरा अधिकार दिला, त्यांचं काम खोलवर रुजलं. एका मोठ्या वकिलाच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थांनी मोलाचे निकाल मिळवले, पण त्यांचं स्वतःचं भवितव्य मात्र त्या नावाशी बांधलेलं राहिलं.

१९२४ : दोन वाटा

मुंबईत १९२४ या एकाच वर्षी दोन संस्था सुरू झाल्या. एक बॉम्बे लीगल एड सोसायटी. गरीब पक्षकाराला वकील मिळवून द्यावा, हा तिचा सरळ हेतू होता. दुसरी बहिष्कृत हितकारिणी सभा. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या या सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, उपाध्यक्षांत बाळासाहेब खेरांसारखे सॉलिसिटर होते, आणि व्यवस्थापक मंडळाचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. प्रतिष्ठित, सवर्ण आणि धनिक मंडळींचा आधार घ्यायचा, पण कारभार ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्याच हाती ठेवायचा, ही रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. सभेनं वसतिगृहं आणि वाचनालयं काढली.

महाडच्या प्रकरणात हे नेतृत्व कसं चालतं ते दिसलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या दलितांनी चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर डिसेंबरमध्ये विरोधकांनी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दुसऱ्या परिषदेला हजारो माणसं सत्याग्रहाच्या तयारीनं आली होती. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते, स्वतः बॅरिस्टर होते आणि चळवळीचे नेतेही होते. मनाई हुकूम का पाळायचा, दाव्याची वाट का पाहायची, हे त्यांनी भर परिषदेत समजावून सांगितलं आणि सत्याग्रह स्थगित झाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, तो त्यांच्या बाजूनं. मधली जवळजवळ दहा वर्षं माणसं टिकून राहिली, कारण आपण का थांबलो आहोत हे त्यांना माहीत होतं. कायद्याच्या लढाईत पक्षकाराला सगळं सांगून, त्याला सोबत घेऊन चालणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सरकारी यंत्रणा : खुर्ची कायम, माणूस बदलता

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारनं कायदेविषयक मदतीचा विचार करण्यासाठी न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा राज्याचं नेतृत्व बाळासाहेब खेरांकडे होतं. पुढे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि एन. एच. भगवतींचे पुत्र न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सत्तरच्या दशकात या विषयाला राष्ट्रीय रूप दिलं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३९ अ आला : आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाची न्यायाची संधी हुकू नये, यासाठी राज्यानं मोफत कायदेशीर मदत द्यावी.

१९७८ च्या होसकोट खटल्याचं मूळ महाराष्ट्रातलंच. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हाती पडल्याचा पुरावा नव्हता, आणि अपिलाला वर्षानुवर्षांचा उशीर झाला. कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि मोफत मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर वकीलही मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कृष्ण अय्यर यांनी सांगितलं. २६/११ च्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. आरोपीला पहिल्यांदा हजर केलं जातं तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य ठरलं.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. आज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धतही जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली आहे.

या यंत्रणेचं नेतृत्व मात्र पूर्णपणे न्यायाधीशांकडे आहे. जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश अध्यक्ष, सचिवही न्यायिक अधिकारी. एखादा सचिव मनापासून काम करतो, तुरुंगाच्या भेटी नियमित होतात, विधी स्वयंसेवकांची फळी तयार होते, आणि तेवढ्यात त्याची बदली होते. नवा माणूस येईपर्यंत स्वयंसेवकांचं मानधन अडकतं, शिबिरं कागदावर उरतात. सरकारी यंत्रणेत खुर्ची टिकते आणि माणूस जातो. स्वयंसेवी संस्थेत माणूस टिकतो, खुर्चीची शाश्वती नसते. दोघांनी एकमेकांना पूरक व्हावं हे बोलायला सोपं आहे, पण त्यासाठी दोन्हीकडे वकिलांखेरीज आणखी कोणीतरी कायम राहणारं हवं.

वकिलांनी उभ्या केलेल्या संस्था

१९८१ मध्ये इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी मुंबईत लॉयर्स कलेक्टिव्ह सुरू केलं. पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात जयसिंग यांनी युक्तिवाद केला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे १९८५ च्या त्या निकालानं मान्य केलं, जरी पदपथ रिकामे करायला पालिकेला मुभा मिळाली. एचआयव्ही असलेल्या कामगाराला केवळ त्या कारणानं नोकरी नाकारता येणार नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकालही याच संस्थेच्या कामाचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या मसुद्यात तिचा मोठा वाटा होता. कॉलिन गोन्साल्विस यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्कही १९८९ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं आणि राज्याराज्यांत पसरलं.

या नेतृत्वाची ताकद उघड आहे. कोर्टात वजन असलेलं नाव पाठीशी असलं की पोलीस ठाण्यात तक्रार घेतली जाते, मनाई हुकूम मिळतो, तरुण वकील आपण होऊन येतात. पण हे नाव हाच कच्चा दुवाही ठरतो. लॉयर्स कलेक्टिव्हची परदेशी देणग्यांची नोंदणी केंद्र सरकारनं २०१६ मध्ये रद्द केली, २०१९ मध्ये सीबीआयनं गुन्हा नोंदवला, आणि संस्थेला स्वतःच्या बचावासाठी न्यायालयात उभं राहावं लागलं. त्या कारवाईच्या बाजूनं किंवा विरोधात कोणाचं काहीही मत असो, धडा एकच आहे. पुढारी आणि संस्था एकच असले की पुढाऱ्यावरचा प्रत्येक घाव थेट पक्षकारांच्या फायलींवर बसतो.

याच वाटेवर स्त्रियांना कायद्याची मदत देणाऱ्या मजलिस या संस्थेचा अनुभव वेगळा आहे. फ्लेव्हिया अॅग्नेस यांनी नवऱ्याची मारहाण सोसली, त्यातून बाहेर पडल्या, १९८४ मध्ये आपली कहाणी लिहून प्रसिद्ध केली, मग कायदा शिकून १९८८ मध्ये वकिली सुरू केली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी मजलिस उभी केली. इथे पक्षकारच वकील झाली आणि पुढारीही झाली. स्त्री वकिलांची फळी तयार करणं हे संस्थेनं पहिल्यापासून आपलं काम मानलं. बलात्कारपीडित स्त्रियांना तक्रारीपासून साक्षीपर्यंत साथ देणारा ‘राहत’ उपक्रम राज्याच्या महिला व बाल विकास विभागाबरोबर चालला. संचालकपद पुढे ऑड्री डिमेलो यांच्याकडे गेलं आणि फ्लेव्हिया लेखन, अध्यापन आणि मार्गदर्शन करत राहिल्या. संस्थापक हयात आणि कार्यरत असताना कारभार दुसऱ्याच्या हाती जाणं ही आपल्या स्वयंसेवी क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे.

वकील नसलेल्यांचं नेतृत्व

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या, पण पोलिसांच्या हुकमाखाली नाही. पुढे राज्य सरकारनं हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

अशा एखाद्या मदत केंद्रात सकाळभर बसून पाहावं. बाई येते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन : रेशन कार्ड, लग्नाचा फोटो, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी, मुलाच्या शाळेचा दाखला, कोर्टाचं न उघडलेलं समन्स. वकील विचारतो, “केस कुठल्या कोर्टात आहे?” कार्यकर्ती आधी विचारते, “ताई, आज रात्री झोपायला कुठे जाणार?” मग ती टेबलावर कागद तारखेप्रमाणे लावते, समन्सवरची तारीख मोठ्या अक्षरात लिहून देते, दवाखान्याच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून मूळ प्रत बाईकडेच ठेवायला सांगते. पोटगीच्या अर्जाला काय लागतं, नवऱ्याच्या पगाराचा पुरावा कुठून मिळवायचा, बेलीफ घरी आला तर काय सांगायचं, हे सगळं त्या अर्ध्या तासात होतं. पुढे वकील जो अर्ज करतो, त्याचा पाया इथे घातलेला असतो. हा पाया घालणाऱ्या बाईला संस्थेच्या बैठकीत मत नसेल, तर ती संस्था आपलं निम्मं शहाणपण दाराबाहेर ठेवते.

तुरुंगातही हाच अनुभव येतो. टाटा समाजविज्ञान संस्थेच्याच ‘प्रयास’ या प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून कैद्यांबरोबर काम करत आहेत. कोर्ट जामीन मंजूर करतं, पण माणूस आत राहतो, कारण ऐपतदार जामीनदार नाही, भाड्याच्या खोलीचा पत्ता कागदावर सिद्ध होत नाही, गावाकडच्या घरच्यांना तो कुठे आहे हेच ठाऊक नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की महिन्याभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर न्यायालयानं आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करावा. तो विचार करायला लावणारं कोणी तरी लागतं. घरच्यांचा फोन नंबर शोधणं, रोख जामिनाचा अर्ज करून घेणं, सुटल्यावर पहिली रात्र निभावणं, ही कामं वकिलीच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही.

गावपातळीवर हे नेतृत्व आणखी वेगळं दिसतं. डहाणू-तलासरीकडे १९७८ पासून उभी राहिलेली कष्टकरी संघटना वकिली आणि संघटना यांची सांगड घालत आली. संघटनेचे प्रदीप प्रभू स्वतः कायदा जाणणारे, पण संघटनेची ताकद पाड्यापाड्यांतल्या माणसांत होती. जंगल जमिनीचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत आज गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पिढ्यान् पिढ्या जमीन कसूनही सातबारावर नाव न लागलेल्या माणसासाठी ही तरतूद किती मोठी आहे, हे दाव्यांच्या फायली भरणाऱ्या पोरांना विचारावं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तर वकिलाची वाट न पाहता आपला कायदा आपण वाचला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावात अभ्यास गट चालले. विषय मांडायचा, जाणकाराला बोलवायचं, कागद वाचायचा, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं घ्यायचा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना वन खात्याकडून सुटेना. २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्काचा कागद मिळाल्यावरही दोन वर्षं माघार न घेणारं गाव तयार झालं, ते त्या अभ्यास गटांतून. इथला पुढारी निर्णय घेत नाही, निर्णय घेता येईल अशी गावाची तयारी करतो.

शहरात याच जातीचं काम ग्राहक चळवळीनं केलं. बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक पंचायतीच्या प्रेरणेतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. सभासद कुटुंबांचे छोटे संघ, महिन्याच्या किराण्याची एकत्र खरेदी, आणि या कामात पुढे असलेल्या गृहिणी. वजनमाप, भेसळ, पॅकिंगवरची तारीख हे शिक्षण रोजच्या व्यवहारातच झालं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत तक्रार चालवता येऊ लागली. असा प्रतिनिधी वकीलच असला पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये व्यंकटाचलम विरुद्ध अजितकुमार शहा या खटल्यात मान्य केलं. तो वादही महाराष्ट्रातूनच गेला होता. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणानं २०१८ मध्ये घर खरेदीदार आणि बांधकाम व्यावसायिकांसाठी सामंजस्य मंच सुरू केला, तेव्हा ग्राहकांची बाजू सांभाळायला पंचायतीचे प्रशिक्षित स्वयंसेवक तयार होते. संस्थेचा खर्च मुख्यतः सभासदांच्या बळावर चालत असल्यानं तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

नियमांच्या आणि पैशांच्या अडचणी

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग वकिलांना वेतन देऊन नोकरीला ठेवावं आणि कारभार इतरांनी करावा. इथे कायदा आडवा येतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यामुळे संस्था वकिलाला ‘पगार’ न देता मानधन किंवा ठरावीक व्यावसायिक शुल्क देते. त्याला भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, आणि दोन-तीन वर्षांत तो खासगी वकिलीकडे वळतो. नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून हक्कांची शिबिरं आणि जाहिरात यांच्यातली रेषा पुढाऱ्याला सतत सांभाळावी लागते. नियम २० प्रमाणे निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा मागता येत नाही. हे तिन्ही नियम वकिलीचा धंदा होऊ नये म्हणून आले आणि ते योग्यच आहेत. पण सेवाभावी संस्थेसाठी त्यांत वेगळी वाट असायला हवी, आणि ती मागण्याचं काम या क्षेत्राच्या नेतृत्वानं एकत्र येऊन अजून केलेलं नाही.

पैशांचं तसंच. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतला जास्तीत जास्त २० टक्के भाग प्रशासनावर खर्च करता येतो, आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मुंबईतल्या मोठ्या संस्थेनं तालुक्यातल्या लहान संस्थेला हातभार लावण्याची जुनी पद्धत त्यानं बंद पडली. शाळा बांधायला पैसे देणारी कंपनी पोलिसांविरुद्धच्या खटल्याला देईलच असं नाही. सरकारी अनुदान घेतलं तर सरकारविरुद्ध उभं राहताना जीभ अडखळते.

म्हणून परवडणाऱ्या फीचा विचार गांभीर्यानं व्हायला हवा. वर्षाला साडेतीन-चार लाख मिळवणारा रिक्षाचालक किंवा टपरीवाला सरकारी मदतीच्या मर्यादेत बसत नाही, आणि वकिलाची फी त्याला झेपत नाही. त्याच्याकडून ठरलेली, छापील पावतीची, हप्त्यानं घेतलेली छोटी फी संस्थेला बळ देते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फी देणारा माणूस “माझ्या केसचं काय झालं?” असं हक्कानं विचारतो. अर्थात, आयकराच्या दृष्टीनं संस्थेचं काम ‘गरिबांना मदत’ या व्याख्येबाहेर जाऊन सर्वसाधारण लोकोपयोगी कामात मोडलं, तर अशा फीच्या उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा येते. हिशेब समजणारा विश्वस्त या कामात वकिलाइतकाच लागतो.

खटला कोणाचा?

नेतृत्वाची खरी कसोटी एका ठिकाणी लागते. पोटगीच्या किंवा घरातून हाकलल्याच्या प्रकरणात सासरची मंडळी तडजोडीला येतात. एकरकमी पैसे द्यायला तयार होतात. संस्थेला वाटतं, हा मुद्दा उच्च न्यायालयात नेला तर शेकडो स्त्रियांना उपयोगी पडेल असा निकाल मिळेल. बाईला वाटतं, पैसे घ्यावेत, मुलीची फी भरावी आणि कोर्टाच्या चकरा थांबवाव्यात. हा निर्णय बाईचाच आहे. तिला परिणाम नीट समजावून सांगणं हे संस्थेचं काम, आणि मग तिचं म्हणणं मान्य करणं हेही संस्थेचंच काम. नेत्याची कीर्ती निकालांवर मोजली जात असेल तर इथे पाय घसरतो. कार्यकर्त्यांना आणि पक्षकारांना बोलायची जागा असलेल्या संस्थेत तो सावरला जाण्याची शक्यता जास्त असते, कारण बाईच्या जागी बसलेलं कोणी तरी बैठकीत हजर असतं.

शिकवायचं म्हणजे काय?

आपल्या शाळेत नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेला विषय. २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं रोज वाचन होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण उद्देशिका म्हणणाऱ्या मुलाच्या आईचं रेशन बंद झालं, तर अर्ज कुठे करायचा हे त्याला कळतं का?

माहिती अधिकाराच्या चळवळीनं याचं उत्तर दिलं. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत, राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या बागेत भरणाऱ्या माहिती अधिकार कट्ट्यासारख्या जागी माणसं आपापला अर्ज घेऊन येतात आणि तो दुरुस्त करून घेऊन जातात. दुसऱ्याचा अर्ज ऐकताना तिसरा शिकतो. विषय आपल्या दारातला असला, कागद आपल्या हातात असला आणि मुदत मोजता आली, की कायदा लक्षात राहतो. संस्थेच्या अहवालात “अमुक शिबिरं, तमुक उपस्थिती” असे आकडे येतात. त्याऐवजी शिबिरानंतर किती जणांनी स्वतः अर्ज केला, पहिलं अपील केलं, दुसऱ्याला करून दिलं, हे मोजलं पाहिजे. नेता जे मोजतो, तेच संस्थेत होतं.

वारसा

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कोणी हरकत घेतली की ते प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. तोवर बँक नव्या सह्या मान्य करायला का-कू करते, देणगीदार थांबतात, जुने आणि नवे असे दोन गट पडतात. कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेनं याच कारणानं बंद पडावं यासारखी दुःखाची गोष्ट नाही. पण ते घडतं, कारण संस्थापक शेवटपर्यंत हे टाळतात. आपल्यामागे कोण, हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा आपल्याकडे समज आहे.

तो समज मोडायला हवा. विश्वस्त मंडळात किमान एक तृतीयांश जागा अशा माणसांना द्याव्यात, ज्यांनी कधीतरी याच संस्थेची मदत घेतली आहे. संस्थेचा प्रमुख आणि प्रमुख वकील ही दोन पदं वेगळी ठेवावीत. प्रमुखाची मुदत लेखी असावी आणि ती संपण्याआधी दोन वर्षं पुढचा माणूस पैशांच्या सह्यांपर्यंत सगळ्यांत सामील असावा. प्रत्येक फायलीत रोजनाम्याबरोबर पक्षकाराला काय समजावलं याचीही नोंद असावी, म्हणजे वकील बदलला तरी पक्षकार पोरका होत नाही. विधी स्वयंसेवकाला आणि समाजकार्यकर्तीला पगारवाढीचा, पदोन्नतीचा आणि हवं तर कायदा शिकण्याचा रस्ता संस्थेनं खुला ठेवावा. त्यासाठी देणगीदारांनी खटल्यांइतकेच पैसे माणसं घडवायला द्यावेत, बार कौन्सिलनं सेवाभावी संस्थांतल्या वकिलांसाठी नियम ४९ ला अपवाद करावा, आणि विधी सेवा प्राधिकरणानं सचिवाच्या जोडीला कायमस्वरूपी समाजकार्यकर्ता नेमावा.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणत आलो. पण ज्याची झोपडी पाडली, ज्याची मजुरी बुडवली, ज्या बाईला रात्री घराबाहेर काढलं, त्यांना ही निवड उपलब्धच नसते. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे वकील हवेतच, आणि ते चांगले, निर्भीड, तयारीचे हवेत. मात्र येत्या दहा वर्षांत या संस्थांचं नेतृत्व पारखायचं असेल तर मी एकच प्रश्न विचारेन : आज मदत मागायला आलेल्यांपैकी किती जण तोवर मदत केंद्राच्या टेबलामागे, विश्वस्तांच्या बैठकीत किंवा काळ्या कोटात पोचले? त्याचं उत्तर ज्या संस्थेला नावानिशी देता येईल, तिचं नेतृत्व योग्य हाती आहे.